मापं घेताना हात वर करावा लागतो

कुवेतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी दोन पानं लिहून दिली. अंकाच्या बाई माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. त्या म्हणाल्या, "सुमनताई, इतकी वर्षं बायकांची मापं घेताय, त्यातल्या गमती लिहा की." मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडाला कोरड पडते. पण लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिलं. एका नर्सताईंना ब्लाउजच्या आत मोबाइलचा खिसा हवा होता, तो ड्यूटीवर वाजला आणि डॉक्टर दचकले. रुमैथियाच्या एका कुवेती म्हातारीचं घरात घालायचं झग्यासारखं दराआ मी तीनदा उसवलं, आणि चौथ्यांदा ती म्हणाली की पहिलंच बरं होतं. एक गृहस्थ बायकोचा जुना ब्लाउज मापाला घेऊन आले, तो निघाला मेव्हणीचा. हे सगळं अंकात येईल. वाचून लोक हसतील.

हे दुसरं आहे. हे मी माझ्या घरच्या वहीत लिहिते. नावं बदलली आहेत. कोणाला दाखवायचं नाही. पण लिहिल्याशिवाय हात मशीनवर ठरत नाही. परवा एक बाही उलटी लावली, काल एका गळ्याची पट्टी तिरकी गेली. अशा चुका माझ्याकडून वीस वर्षांत झाल्या नव्हत्या.

आधी कामाचं सांगते. आमचं दुकान अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. पाटीवर अरबीत खय्यात म्हणजे शिंपी असं लिहिलंय, खाली कैची काढली आहे. कफील, म्हणजे परवाना ज्याच्या नावावर आहे तो कुवेती, वर्षातून एकदा कागदांपुरता येतो. कापड कापायला इस्माईलभाई. ते दापोलीकडचे, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पाच वेळचे नमाजी. मापं घेणं आणि शिवणं माझ्याकडे. माझे यजमान मीना अब्दुल्लाला रिफायनरीत फिटर होते, ते गेल्या साली गावी परतले. मी हातातली कामं संपवून येते म्हणून मागे राहिले. शिंप्याची कामं संपतात का?

माप घ्यायला बाई समोर उभी राहिली की पहिलं वाक्य असतं, "हात वर करा." काखेखालून टेप फिरवायची असते ना. छाती, कंबर, मुंढा म्हणजे खांद्याखालचा घेर, बाही, गळा पुढचा, गळा मागचा. वहीत एका पानावर एक बाई. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी बोलत असेन. बोलते आणि प्रत्येक वेळी नजर खाली घेते. लोकांना वाटतं मी लाजते. लाजते हे खरंच. पण कारण तेवढंच नाही, ते पुढे येईल.

शिवण मला कुसुमताईने शिकवलं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची ओढ्यापलीकडे. आईने पाठवलं नाही. शेजारी कुसुमताईच्या पडवीत पायमशीन होतं. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला होता आणि ती गावाचे झंपर शिवून राहत होती. मला म्हणाली, "घरात बसून शेण थापण्यापेक्षा बस इथे, काज कर." आठ वर्षं मी तिच्याजवळ बसले. हात कसा धरायचा, कापडाची उभी-आडवी कशी ओळखायची, शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड का सोडायचं, सगळं तिचंच. ती म्हणायची, बाईचं अंग बदलतं, कापडाला तशी वाट ठेवावी.

आणखी एक सवय तिची. नवरीचं कापड आलं की मापाच्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट लावायचं. दोन फायदे. एक, शकुन. दुसरा, ढिगात ते काम मागे पडत नाही, पान बघितलं की कळतं, हे तारखेचं आहे. विधवा असल्यामुळे कुसुमताई स्वतः बोट लावायची नाही, मला लावायला लावायची. मी इथे आले तरी ती सवय राहिली. शिलाईच्या खणात हळदीची डबी आहे. इस्माईलभाई सुरुवातीला हसायचे, "सुमनबाय, वहीला फोडणी देतेस काय?" आता तेच पान उलटताना हळद शोधतात आणि ती कापडं आधी कापतात. आमच्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. लेकीचं लग्न ठरलं की आया हौसेने स्वतःच बोट लावतात.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या, इथे ऊनच होतं, अनिता आली. अनिताला मी ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखते. आईवडील वेंगुर्ल्याचे, हिचा जन्म इथला. तिची आई रेखावहिनी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अनिता आता तीस-एकतिसाची, शाळेत चित्रकला शिकवते. बरोबर तिच्याच शाळेतली एक अमेरिकन बाई होती. लॉरा. उंच, केस पिकायला लागलेले, अनितापेक्षा बरीच मोठी.

"मावशी, दोन ड्रेस हवेत. फ्रेंडचं वेडिंग आहे अमेरिकेत. आम्ही ब्राइड्समेड्स."

"म्हणजे करवल्या?"

"हां, तेच. करवल्या."

लॉराला पांढऱ्या सॅटिनचा लांब झगा, पूर्ण बाह्यांचा. अनिताला पांढऱ्या साडीवर पांढरा ब्लाउज. मी लॉराचं माप घ्यायला उभी राहिले. माझा हात तिच्या खांद्याला पुरेना, तर अनिताने येऊन टेपचं टोक धरलं. कोणी सांगितलं नव्हतं. मग अनिताच्या वेळी लॉराने धरलं. माझ्या कामात एक कळतं. मापाला सोबत आलेली माणसं मोबाइल बघतात, नाही तर घड्याळ. या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. टेप घसरली तरी बघत होत्या.

माझ्या तोंडून गेलं, "अगो, पांढरं नको. नवरीला कोण पांढरं नेसवतं?"

अनिताने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, तू नवरी कुठून काढलंस?"

"करवली अशी लाजत नाही."

तिचे डोळे भरले आणि ती हसायलाही लागली. लॉरा विचारत होती काय झालं, काय झालं. अनिताने तिला इंग्रजीत सांगितलं. लॉराचा चेहरा एकदम सफेद पडला. इथे असलं काही बाहेर आलं तर नुसती नोकरी जाऊन भागत नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनिताने माझे दोन्ही हात धरले. "मावशी, आईला नको कळायला. कुणालाच नको. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जाणार. तिथे लग्न होईल. मग परत इथे यायचं का नाही ते बघू. तोवर फक्त तुझ्याकडे राहू दे. प्रॉमिस?"

मी मान हलवली. मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर, पहिल्यांदा वाटलं, यात आपण पडू नये. दोन बायकांचं लग्न ही गोष्ट मी मोबाइलवर कुठेतरी बघितली असेल, माझ्या टेपखाली कधी आली नव्हती. पण अनिताचा मुंढा मी ती आठ वर्षांची असल्यापासून मोजलाय. तिला नाही म्हणायला माझ्याजवळ शब्द नव्हता. साडी पिवळ्या काठाची मोतिया रंगाची घ्यायची, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं.

त्या गेल्या. मी मापं पक्की लिहिली. एकाच कामाची म्हणून समोरासमोरच्या पानांवर, डावीकडे लॉरा, उजवीकडे अनिता. आणि डबी उघडून दोन्ही पानांना हळदीचं बोट लावलं. विचार करून नाही. भाकरी उलटावी तसं हाताने केलं. दोन नवऱ्या, दोन बोटं.

ही माझी चूक.

दुसऱ्याच दिवशी इस्माईलभाईंनी वही उघडली. बराच वेळ पान उलटलं नाही. मी मशीनचा पाय थांबवला.

"काय गो बाय, यातली नवरी कोण?"

मी बॉबिन काढून दोरा भरायला घेतला.

"दोन हळदी. लग्न एकाच दिवशी. नवरे कुठे आहेत?"

त्यांनी वही बंद केली, सॅटिनचं ठाण टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली आणि कैची उचलली. कापता कापता बोलले, "आमच्यात हे हराम. तुमच्यात पण कोण आरती ओवाळायला येणार नाय."

"मग कापू नका भाई. मी कापते."

"तू कापशील तर बाह्या आखूड होतील." थोडं कापून झाल्यावर म्हणाले, "मी कातरवाला हाय, काझी नाय. माझं काम सरळ कापायचं. वरचा हिशोब वरचा घेईल. पण ती दोन्ही पानं फाड. आजच्या आज. नव्या पानावर मापं उतरव, हळद नको. ही वही काउंटरवर पडते, दहा बाया चाळतात."

त्यांचं बरोबर होतं. मी पानं धरली. पण हळद लागलेलं नवरीचं पान फाडायचं? कुसुमताई इथे असती तर हातावर कैची मारली असती. नवरीचं पान फाटलं तर लग्न मोडतं असं ती म्हणायची. मी स्वतःला समजावलं की वही आपणच उचलून ठेवू, कोणाच्या हाताला लागू देणार नाही. पानं राहिली.

ऑक्टोबरात पहिल्या ट्रायलला दोघी आल्या. लॉराचा झगा अंगावर टाचण्यांनी लावून झाल्यावर तिने पर्समधून एक पाकीट काढलं आणि काहीतरी विचारलं. अनिता म्हणाली, "मावशी, तिचं व्होटिंग आहे. पोस्टल. साक्षीदाराची सही लागते. शाळेत कुणाला विचारायला तिला नको वाटतं. तू करशील?"

"माझी सही? मराठीत?"

"चालते."

मग अनिताने मला समजावलं, लॉरा मध्ये मध्ये सांगत होती. खूप वर्षांपूर्वी लॉराच्या राज्यात सगळ्या लोकांना मत विचारलं होतं. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, बाकी कोणाचं लग्न मानायचं नाही, असं राज्याच्या घटनेत लिहायचं का? लॉरा तेव्हा पंचविशीची. विरोधात मत द्या म्हणून तिने तीन महिने दारोदार फिरून लोकांना सांगितलं. लोक दार उघडायचे, सरबत द्यायचे, तुझं पटतं म्हणायचे. मतं मोजली तर ओळ लिहायचीच असं ठरलं. लॉरा म्हणाली, "मला सरबत देणाऱ्या घरांनीपण. माझ्या सख्ख्या मामीनेपण." नंतर देशाच्या मोठ्या कोर्टाने सगळ्यांना लग्नाची मोकळीक दिली. पण ती ओळ कोणी खोडली नाही, झोपून राहिली. कोर्टाचं मन उद्या फिरलं तर ती उठून बसेल आणि यांचं लग्न गेलं. म्हणून आता पुन्हा लोकांना विचारतायत, ओळ खोडायची का?

मी अनिताला विचारलं, "आणि लोक नको म्हणाले तर?"

याचं उत्तर तिने लॉराला इंग्रजीत सांगितलं नाही, मलाच दिलं. "तर मी तिथे जाणार नाही, मावशी. इथे लपायचं, तिथे लोकांनी मोजून नको म्हटलेलं. मग लग्न कशाला करायचं?"

लॉराने टाचण्या लावलेल्या झग्यातच, कापायच्या टेबलावर, आमच्याकडे पाठ करून मताच्या कागदावर खूण केली. इस्माईलभाईंनी कागद उडू नये म्हणून त्यावर आपलं लोखंडी वजन ठेवलं आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. मी सही केली. सुमन, आणि पुढे आडनाव. न चा दांडा वाकडा गेला. लॉराने त्या सहीवरून बोट फिरवलं.

आता ते लिहिते, ज्यामुळे ते अक्षर वाकडं गेलं.

कुसुमताई अठ्ठावीस वर्षांची असताना तिने लग्न केलं. तालुक्याला जाऊन, सहीचं. माणूस दुसऱ्या जातीचा, गवंडी, चांगला. गावात परतली तर सहाणेवर गावकी बसली. सहाण म्हणजे देवळापुढची बसायची जागा, शिमग्यात पालखी बसते ती. एरवी तिथे बायकांना विचारत नाहीत. त्या दिवशी बाईचा मामला म्हणून बायकांनाही बोलावलं. वडीलधाऱ्यांनी भाषण केलं, मग म्हणाले, "हिला वाळीत टाकायची ज्यांची मर्जी असेल त्यांनी हात वर करा."

मी अठराची होते. आईच्या शेजारी बसले होते. सगळ्यांचे हात वर गेले. आईचा गेला. मला कोणी ढोसलं नाही, कोणी धमकी दिली नाही. मी उजवा हात वर केला. माझ्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी, तिच्याच पडवीतून तशीच उठून आले होते. कुसुमताई समोर उभी होती. तिने सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि त्या अंगुस्तानावर थांबली.

विहीर बंद झाली, शिवणाला कोणी कापड देईना. महिन्याभरात ती दोघं पनवेलकडे निघून गेली. मी तिला काही बोलले नाही. निघताना ती आमच्या अंगणावरून गेली, मी आत चुलीपाशी होते. तेव्हापासून बायकांना हात वर करा म्हणते आणि खाली बघते.

लॉराच्या मामीचं ऐकून मला ते सगळं असं वर आलं की त्या दिवशी मला ओळीने टाके घालता येईनात. ती मामी लॉराला जेवायला वाढत असेल, ख्रिसमसला स्वेटर देत असेल. आणि पडद्यामागे जाऊन खूण केली. तिला मी कसं नावं ठेवणार?

आठवडाभराने रेखावहिनी आल्या. त्यांच्या हातात आंबा कलरचं सिल्क होतं. अनिताला बघायला पुण्याची मंडळी येणार होती, त्यासाठी ब्लाउज हवा होता. मी आत अस्तर शोधायला गेले. वही काउंटरवर होती. बाहेर आले तर त्यांनी ती उघडली होती. आपलं जुनं माप शोधत असतील. डाव्या पानावर लॉरा, हळद. उजव्या पानावर अनिता, हळद. वहिनींनी स्वतः पुतणीच्या पानाला ते बोट लावलेलं, त्यांना अर्थ शिकवायला नको होता.

"सुमन, हे काय आहे?"

मी हातातलं अस्तर काउंटरवर ठेवलं.

"हे काय आहे म्हणून विचारते. ही ती शाळेतली गोरी ना? जिच्याकडे ही शनिवार-शनिवार राहायला जाते?"

इस्माईलभाई पुढे आले. "वहिनी, ती वही जुनी हाय, डाग पडलेत."

"भाई, तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीत. माझ्यासाठी सुरुवात करू नका."

ते मागे सरले. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी हो म्हटलं असतं तर अनिताचा शब्द मोडत होता. नाही म्हणायला जीभ उचलेना. मी जमिनीकडे बघितलं आणि त्यात त्यांना सगळं कळलं. त्यांनी सिल्कची पिशवी उचलली. "लहानपणी तुझ्यापाशी ठेवून कामाला जायचे मी तिला. तू हळद लावलीस." एवढं बोलून गेल्या.

इस्माईलभाई म्हणाले, "पानं फाड म्हटलं होतं." पुन्हा म्हणाले नाहीत.

पुढचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. दुकानाचं दार वाजलं की मी वही खणात सारत होते. चौथ्या दिवशी अनिताचा फोन आला. आईने आरडाओरडा केला नव्हता, बाबांनाही सांगितलं नव्हतं. फक्त घरातले सगळे पासपोर्ट ज्या लोखंडी कपाटात असतात त्याची किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि बोलणं बंद केलं. "माझा पासपोर्ट तिच्याकडे आहे, मावशी. थर्टी इयर्स ओल्ड आहे मी, आणि माझा पासपोर्ट आईच्या गळ्यात आहे."

"माझ्यामुळे झालं गो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ड्रेस तयार कर. कापून झालंय ना."

म्हणून मी शिवत राहिले. झग्याला आतून अस्तर लावलं, ब्लाउजचे काज हाताने केले. कुठे जाणार आहेत हे कपडे ते माहीत नव्हतं.

तिकडची मतं मोजली गेली तो दिवस. सकाळी दुकान उघडत होते तेव्हा अनिताचा मेसेज आला, आवाजातला, तिला माहीत आहे मी इंग्रजी वाचत नाही. "मावशी, खोडली. ती लाइन खोडली. लोक येस म्हणाले." मागे लॉरा रडत होती का हसत होती ते समजलं नाही. मी ते इस्माईलभाईंना ऐकवलं. त्यांनी चहा मागवला तेव्हा माझ्यासाठीही मागवला, एवढंच.

पण लोकांच्या येसने कपाट उघडत नव्हतं.

त्याच आठवड्यात रेखावहिनी आल्या. दुपारची वेळ, इस्माईलभाई नमाजाला गेले होते. वहिनी खुर्चीवर बसल्या. हातातली पिशवी मांडीवर.

"कपडे तयार आहेत?"

"हो."

"दाखव."

मी दोन्ही आणून टेबलावर ठेवले. त्यांनी ब्लाउज उलटा केला, आतली शिवण बघितली. "दोन बोटं सोडलीस."

"अंग बदलतं, वहिनी."

"तिकडचे लोक हो म्हणाले म्हणे. अनिता भिंतीकडे बघून मला सांगते." त्यांनी ब्लाउज पुन्हा सुलटा केला. "माझ्या पोरीला ज्यांनी कधी बघितलं नाही ते हो म्हणाले. आणि मी जन्म दिलेली, मी कपाटाला किल्ली लावून बसलेय. लोक काय म्हणतील म्हणून. कोणते लोक, सुमन? मंडळातले? वेंगुर्ल्याचे?"

तेव्हा मी बोलले. का बोलले माहीत नाही. आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, यजमानांनासुद्धा नाही. कुसुमताईची पडवी, सहाण, अंगुस्तान, सगळं सांगितलं. बोलताना मध्येच पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. शेवटी म्हटलं, "वहिनी, तुम्ही काय करावं ते मी सांगत नाही. मला ते कळत नाही. एवढंच की तो हात अजून खाली आलेला नाही. अडतीस वर्षं झाली."

वहिनी चिडल्या. "तुझ्या कुसुमने पुरुषाशी लग्न केलं. दोन्ही एक करू नकोस."

"नाही करत."

"मला हे पटणार नाही. मरेपर्यंत पटणार नाही."

"बरं."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. परत आल्या. हातातली पिशवी टेबलावर ठेवली, ब्लाउजच्या शेजारी. वरती आंबा कलरचं सिल्क, त्याखाली काहीतरी चौकोनी, टणक. "हे तूच दे तिला कपड्यांबरोबर. माझ्या हातून दिलं जायचं नाही. आणि तिला सांग, आईने आशीर्वाद दिला नाही." पिशवीवरून हात काढला. "आईने हात पण वर केला नाही. एवढं सांग."

सिल्कचं काय करू, विचारायला मी तोंड उघडलं तोवर त्या गल्लीत वळल्या होत्या. पिशवीत अनिताचा पासपोर्ट होता. सिल्कची मी एक पट्टी कापली आणि लॉराच्या झग्याच्या बाहीला आतून लावली, दिसणार नाही अशी. उरलेलं त्यांचं आहे, माझ्याकडे घडी करून ठेवलंय.

अनिताने डिसेंबरात फोटो पाठवला. कुठल्याशा कचेरीच्या पायऱ्यांवर दोघी. थंडी असणार, लॉराने एका हाताने बाही दुमडून धरली आहे आणि आतला आंबा रंग कॅमेऱ्यापुढे धरलाय. फोटो मी वहिनींना पाठवला नाही, मागितला तर दाखवेन. इस्माईलभाईंनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बाह्या बरोबर बसल्यात."

कुसुमताईचा नंबर माझ्याकडे सहा वर्षं होता. माहेरच्या एका भाचीने दिला होता. काल लावला.

"कोण गो?"

"मी सुमन."

"कुठली सुमन?"

"पडवीतली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग काहीच नाही. मला वाटलं फोन ठेवला. माफी मागायचं ठरवून लावला होता, वाक्यं सकाळपासून पाठ केली होती. एक आठवेना. म्हटलं, "ताई, माझ्याकडे कापड आहे चांगलं. तुझं माप दे. एक ब्लाउज शिवून पाठवते."

"माझं माप तुला ठाऊक हाय."

"ते तेव्हाचं."

मग ती म्हणाली, तोच आवाज, काज चुकलं की यायचा तो, "तेव्हाचं शिवून काय उपयोग मग? थांब. टेप कुठे ठेवली ते बघते."

फोन तिने खाली ठेवला असावा. लांब कुठे तरी खण उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज येत होता. मी काउंटरपाशी उभी होते, फोन उजव्या हाताने कानाला धरलेला. दंड भरून आला. पण मी हात खाली घेतला नाही.